चाक दुरुस्त करायचं की बदलायचं? सायकलच्या झिजलेल्या चाकाची तपासणी, पायरीपायरीने

चाक डावी-उजवीकडे हलायला लागलं, ब्रेकला घासायला लागलं की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून भागेल का, की नवं चाक घ्यावं लागेल? आउट किती आहे, यावर हा निर्णय होत नाही. बरंच हलणारं चाक वीस मिनिटांत कायमचं ठीक होऊ शकतं, आणि अगदी सरळ फिरणारं चाक उद्या उतारावर फुटू शकतं. रिम (बाहेरचं गोल कडं), आरे, निपल (आऱ्याला रिमशी जखडणारी छोटी नट), हब (चाकाचा मधला भाग) आणि बेअरिंग या प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं. यातलं नेमकं काय संपलं आहे, हे शोधलं की निर्णय आपोआप होतो.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिम, मग हब, मग आरे आणि सर्वात शेवटी आउट. उलट क्रमाने गेलात तर तासभर आउट काढून झाल्यावर रिमला गेलेली चीर दिसते.

तयारी

चाक सायकलवरून काढा, टायर-ट्यूब आणि रिम टेप उतरवा. साबणाच्या पाण्याने रिम धुऊन कोरडी पुसा, कारण चिखल आणि ब्रेकच्या काळ्या थराखाली चिरा लपतात. मागचं चाक असेल तर फ्रीव्हील किंवा कॅसेटमागची (चेन चढते त्या दातेरी चक्रांमागची) घाणही काढा, उजव्या बाजूचे आरे तिथेच मोडतात.

टायर उतरवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. चाक फिरवताना वर-खाली उडी दिसते ती रिमची आहे की टायरची? टायर एका जागी नीट बसलेला नसेल, तर रिम गोल असूनही चाक उड्या मारतं. टायरच्या कडेला, रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिमच्या आत गेली असेल, तर दोष टायर बसवण्यात आहे आणि चाकाला हात लावायची गरज नाही.

साधनं फार लागत नाहीत: निपलच्या मापाचा आऱ्यांचा पाना, पोलादी पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, हबसाठी पातळ कोन-पाने (बऱ्याच हबना पुढे १३ आणि मागे १५ मिमी लागतात) आणि चांगला उजेड. निपलचे पाने ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी अशा जवळजवळच्या मापांत मिळतात. सैल पाना वापरला की निपलचे कोपरे गोल होतात आणि तो निपल पुन्हा फिरत नाही. निपलवर घट्ट बसणारं सर्वात लहान माप निवडा.

पहिली पायरी: रिमची भिंत

तुमची सायकल रिमला घासणाऱ्या ब्रेकची असेल, तर रिम हा ब्रेकचाच भाग आहे. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की ॲल्युमिनियम थोडं थोडं झिजतं. ओल्या, वाळू-चिखलाच्या रस्त्यावर ही झीज कितीतरी वेगाने होते, कारण वाळूचे कण ब्रेकच्या रबरात रुततात आणि रबर कानशीसारखं काम करायला लागतं.

बऱ्याच रिमच्या ब्रेकपट्ट्यावर झीज दाखवणारी खूण असते: गोल फिरणारी बारीक खाच किंवा एक-दोन ठिकाणी लहान खळगे. खाच दिसेनाशी झाली की रिम संपली. काही रिममध्ये ही खूण उलट प्रकारची असते. ती आतून कोरलेली असते आणि भिंत झिजल्यावरच बाहेरून दिसायला लागते. म्हणून तुमच्या रिमची खूण कोणत्या प्रकारची आहे, हे रिमवरच्या स्टिकरवरून किंवा माहितीपत्रकावरून आधी पाहून घ्या.

खूण नसेल तर पोलादी पट्टी ब्रेकपट्ट्यावर उभी धरा आणि मागून उजेड पाडा. नव्या रिमचा पट्टा सपाट असतो, झिजलेल्याचा मध्यभाग आत गेलेला असतो. पट्टीखालून स्पष्ट उजेड दिसत असेल, तर भिंतीची जाडी मोजायची वेळ आली आहे.

मोजताना अडचण अशी की रिमच्या आतल्या कडेला टायर धरून ठेवणारा ओठ असतो. त्यामुळे कॅलिपरचा जबडा ब्रेकपट्ट्याच्या मागे पोहोचतच नाही, आणि बाहेरून तो खोलगट भागावर आडवा पडून झीज लपवतो. उपाय सोपा आहे. मोडक्या २ मिमी आऱ्याचे दोन छोटे तुकडे घ्या. एक आतून ओठाखाली आणि दुसरा बाहेरून खोलगट भागात, दोन्ही रिमच्या लांबीला समांतर धरा. त्यांच्यावरून कॅलिपरने माप घ्या आणि ४ मिमी वजा करा. उरते ती भिंतीची जाडी. चाकावर निदान सहा ठिकाणी, दोन्ही बाजूंना मोजा. झीज सगळीकडे सारखी नसते आणि आपल्याला सर्वात पातळ जागा हवी आहे.

नव्या ॲल्युमिनियम रिमची भिंत साधारण १.३ ते १.८ मिमी असते. १ मिमीच्या आसपास आली की बदलायच्या तयारीला लागा. त्याहून कमी झाली तर त्या चाकावर बसू नका. टायरमधली हवा दोन्ही भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. भिंत पातळ झाली की हवा भरताना किंवा उतारावर ब्रेकने रिम तापल्यावर ती लांबलचक फाटते आणि टायर क्षणात बाहेर येतो. पुढच्या चाकाचं असं झालं तर सायकल सावरायला वेळच मिळत नाही. हवा भरल्यावर रिमची रुंदी एखाद्या जागी वाढते आहे, किंवा पूर्वी न घासणारा ब्रेक एकाच जागी धडधडतो आहे, असं दिसलं तर हवा लगेच सोडा.

डिस्क ब्रेकच्या चाकाची भिंत अशी झिजत नाही. तिथे झिजते ती डिस्क, आणि ती सहा बोल्ट किंवा एका रिंगने सुटी होते. तिच्यासाठी चाक बदलायचं कारण नाही. पोलादी रिमचा प्रश्न वेगळा असतो. ती घासून पातळ होण्याआधी गंजते, आणि गंज निपलच्या भोकांभोवती आतून सुरू होतो. रिम टेप काढल्यावर आत पापुद्रे सुटलेले दिसले आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर धातू मऊ लागला, तर ती रिम गेली.

दुसरी पायरी: चिरा आणि पोचे

प्रत्येक निपलच्या भोकाभोवती बारकाईने पाहा. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूची भोकं जास्त लक्ष देऊन तपासा, कारण तिथल्या आऱ्यांवर सर्वाधिक ताण असतो. भोकापासून दोन्ही बाजूंना निघालेली केसासारखी रेघ किंवा निपलभोवती फुगलेला धातू दिसला की तपासणी तिथेच संपते. रिम बदलायची. चिरेवर वेल्डिंग किंवा चिकटवण्याचा उपाय टिकत नाही, ताण पुन्हा त्याच जागी येतो. रंगाची रेघ आहे की खरी चीर, अशी शंका आली तर नख फिरवून पाहा. चीर नखाला अडते.

कार्बनच्या रिमला चीर, थर सुटलेला भाग किंवा नाण्याने वाजवल्यावर एका जागी बोदा आवाज मिळाला, तर ती घरी दुरुस्त करू नका.

खड्ड्यात आदळून रिमच्या ओठाला पडलेल्या पोच्याबाबत थोडं तारतम्य लागतं. पोचा २ मिमीहून कमी असेल, टायर तिथे नीट धरला जात असेल आणि चीर नसेल, तर ॲडजस्टेबल पान्याच्या जबड्यात कापड घालून ओठ हळूहळू जागेवर आणता येतो. हे एकदाच करावं. ॲल्युमिनियम तिथे पुन्हा पुन्हा वाकवलं की तडकतं. ट्यूबलेस टायर असेल तर अशा जागी हवा टिकत नाही. रिम-ब्रेक असेल तर ब्रेक दाबल्यावर तिथे झटका बसतो आणि तो झटका पूर्णपणे जात नाही.

तिसरी पायरी: हब

एक्सल (हबमधून जाणारा दांडा) बोटांत धरून हळू फिरवा आणि मग बाजूला हलवून पाहा. खरखर म्हणजे ग्रीस संपलं किंवा घाण गेली. ठरावीक जागी अडकणं म्हणजे कोन (एक्सलवरची निमुळती नट) किंवा वाटीला (हबमधल्या खोलगट बैठकीला) खड्डे पडले; बेअरिंगचे छर्रे या दोघांच्या मधे फिरतात. डुगडुगणं म्हणजे प्ले (ढिलेपणा) आहे, आणि तो बहुतेक वेळा नुसत्या ॲडजस्टमेंटने जातो.

कोन-वाटीचं हब असेल तर ते उघडून पाहाच, बाहेरून निर्णय घेऊ नका. कोन काढून पुसा आणि छर्रे जिथून फिरतात तो पट्टा पाहा. गुळगुळीत चकाकी असेल तर ठीक. खळगे असतील तर कोन बदलायचा, तो सुटा मिळतो. छर्रे तर पूर्णच बदला, जुने-नवे मिसळू नका. मिसळले की आकाराच्या सूक्ष्म फरकामुळे सगळा भार नव्या छर्ऱ्यांवर येतो. बहुतेक हबमध्ये मागे प्रत्येक बाजूला ६.३५ मिमीचे ९ आणि पुढे ४.७६ मिमीचे १० छर्रे असतात, तरी काढताना मोजून घ्या. खरा प्रश्न वाटीचा. ती हबमध्ये दाबून बसवलेली असते आणि बहुतेक हबमध्ये सुटी बदलता येत नाही. बॉलपेनचं टोक वाटीच्या पट्ट्यावरून फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डाही टोकाला जाणवतो. वाटीला खड्डे असतील तर हबचं आयुष्य संपलं.

सीलबंद बेअरिंगचं हब असेल तर गोष्ट सोपी आहे. बेअरिंगवर ६००१ किंवा ६९०२ असा क्रमांक छापलेला असतो. त्याच क्रमांकाचं नवं दाबून बसवलं की हब पुन्हा चालू. फक्त जुनं बेअरिंग हातानेच सैल निघत असेल, तर त्याची हबमधली बैठकच मोठी झालेली असते आणि नवंही तिथे टिकणार नाही.

एक्सल वाकला असेल तर एक्सल बदला, चाक नको. फ्रीव्हील आट्यांवर चढणाऱ्या मागच्या हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं आणि एक्सलचा मोठा भाग आधाराविना राहतो. म्हणून तो तिथेच वाकतो किंवा मोडतो. तो एकापेक्षा जास्त वेळा मोडला असेल, तर मात्र कॅसेट पद्धतीच्या हबकडे जाणं शहाणपणाचं.

शेवटी हबच्या दोन्ही फ्लँजवरची (दोन्ही टोकांच्या चकत्यांवरची), आरे ओवलेली भोकं पाहा. भोकापासून फ्लँजच्या कडेपर्यंत चीर गेली असेल तर हब बाद.

चौथी पायरी: आरे काय सांगतात

मोडलेला आरा कुठे मोडला, यात कारण दडलेलं असतं. हबजवळ, वाकलेल्या कोपरापाशी मोडला असेल तर तो थकून मोडला. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर ते १ किमीत सुमारे ४७६ फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात खाली आलेल्या आऱ्याचा ताण कमी होतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. १००० किमीत हे पावणेपाच लाख वेळा घडतं. आरे सैल असतील तर हा चढउतार कोपराला जास्त जाचतो, म्हणून जास्त आवळलेल्या आऱ्यांपेक्षा सैल आरे आधी मोडतात. निपलपाशी आट्यांवर मोडला असेल तर आरा रिममध्ये वाकडा शिरतो आहे किंवा आटे गंजले आहेत. मधेच मोडला असेल तर बाहेरचा मार लागला.

पहिलाच आरा मोडला असेल तर तेवढा बदला. काही महिन्यांत दुसरा-तिसरा कोपरापाशी मोडला तर एकेक बदलत बसू नका. सगळे एकाच वयाचे आहेत आणि एकाच रांगेत उभे आहेत. हब आणि रिम चांगली असतील तर त्या बाजूचे, शक्यतो दोन्ही बाजूंचे, सगळे आरे नवे घालून चाक पुन्हा विणा. याला एक अपवाद आहे. चेन गिअरच्या मागे पडून उजव्या बाजूच्या आऱ्यांना ओरखडे पडले असतील, तर कारण ठाऊक आहे. ३२ आऱ्यांच्या चाकात उजवीकडच्या बाहेरच्या रांगेतले ८ बदलले की काम होतं.

निपल गंजून आऱ्याशी एकजीव झाले असतील तर त्यांत पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. तरीही निम्मे निपल फिरत नसतील तर त्या चाकाचा आउट यापुढे कधीच निघणार नाही.

पाचवी पायरी: आउट, आणि त्यामागचा ताण

सायकल उलटी ठेवून चाक तिला लावून किंवा ट्रुइंग स्टँडवर (चाक सरळ करायच्या स्टँडवर) ठेवून, चिमट्याला (चाक धरणाऱ्या फोर्कला) पेन्सिल बांधून रिमपासूनचं अंतर पाहा. डावी-उजवीकडचा आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम, १ मिमीपर्यंत रोजच्या वापराला चालतो. वर-खालीचंही माप तेच.

आता प्रत्येक आरा निपल आणि आऱ्यांची फुली यांच्या मधोमध बोटाने छेडून आवाज ऐका. एकाच बाजूचे आरे एकमेकांशी ताडून पाहायचे, डावे-उजवे नाही. मागच्या चाकात आणि डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण मुळातच वेगळा असतो. ताण निम्मा झाला की स्वर सहा अर्धस्वरांनी उतरतो, म्हणजे तार सा वरून मध्य सप्तकातल्या तीव्र मध्यमावर येतो. गाण्याचा कान नसला तरी एवढा फरक कोणालाही कळतो. टेन्शन मीटर असेल तर उत्तमच. ॲल्युमिनियम रिमला मागच्या उजव्या बाजूस साधारण १०० ते १२० किलोचा ताण चालतो, पण रिम बनवणाऱ्याने सांगितलेली मर्यादा अंतिम समजा. गिअरच्या मागच्या चाकात डावी बाजू उजवीच्या ५० ते ६५ टक्क्यांवर असते.

सगळ्या तपासणीत सर्वात जास्त माहिती इथे मिळते. रिम उजवीकडे झुकली आहे आणि त्या जागचे डावे आरे सैल आहेत, तर साधा प्रश्न आहे: ते आवळा, रिम परत येईल. पण रिम उजवीकडे झुकली आहे आणि तिथले डावे आरे आधीच तारेसारखे ताठ आणि उजवे लुळे आहेत, तर धातू स्वतःच वाकला आहे. आरे आणखी ओढून रिम सरळ दिसेलही, पण ताठ आरे भोकं फाडतील, लुळे थकून मोडतील, आणि आउट दोन आठवड्यांत परत येईल. वारंवार आउट काढावा लागणाऱ्या चाकांचं बहुधा हेच दुखणं असतं.

खात्री करायची असेल तर सगळे निपल सारखे, आधी दोन-दोन फेरे आणि मग पूर्ण सैल करा. मोकळी रिम काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवा. २-३ मिमीपर्यंत फट असेल तर ती सांभाळून घेता येते. त्याहून जास्त असेल, किंवा रिम आठच्या आकड्यासारखी पिळली असेल, तर बदला. आदळून आत बसलेला सपाट भागही आऱ्यांनी बाहेर येत नाही, कारण आरे फक्त ओढतात, ढकलू शकत नाहीत.

निर्णय

भिंत झिजली, चीर गेली किंवा धातू वाकला, पण हब चांगलं आहे: रिम बदला. हबची वाटी किंवा फ्लँज गेला, रिम निम्मी झिजलेली आहे: पूर्ण चाक बदला. हब गेलं आणि रिम जवळजवळ नवी आहे: रिम वाचवण्यासारखी आहे, पण नव्या हबच्या फ्लँजचं माप वेगळं असलं तर आरे नवे लागतात. निम्म्याहून जास्त झिजलेल्या रिममध्ये नवे आरे घालणं हा वाया जाणारा खर्च आहे.

खर्च मोजताना रिम, निपल, लागले तर आरे आणि विणण्याची मजुरी एकत्र धरा. ही बेरीज त्याच दर्जाच्या नव्या चाकाच्या दोन तृतीयांशाहून वर गेली तर नवं चाक घ्या. साध्या हबच्या चाकांत ती बहुतेक वेळा वर जातेच. हब चांगल्या प्रतीचं असेल तर मात्र ते टिकवा. नीट विणलेलं चाक कारखान्यातल्या घाईच्या चाकापेक्षा जास्त चालतं.

दुरुस्ती करताना

निपल आवळायची दिशा इथे हमखास चुकते. टायरच्या बाजूने, म्हणजे निपलच्या डोक्याकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतो. हबकडून पाहिलं तर उलट दिसतं. एका वेळी पाव फेराच द्या. साधारण २ मिमीच्या आऱ्यावर एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४५ मिमी. रिम उजवीकडे असेल तर त्या जागचे डावे पाव फेरा आवळा आणि उजवे तेवढेच सैल करा. बारीक आरे निपलबरोबर पिळले जातात, म्हणून थोडं पुढे नेऊन किंचित मागे आणा. शेवटी समांतर आऱ्यांच्या जोड्या हाताने जोरात दाबा. कोपर नीट बसतात, पीळ सुटतो आणि उरलेला आउट आत्ताच बाहेर पडतो.

नवी रिम घालताना भोकांची संख्या आणि ईआरडी जुळली पाहिजे. ईआरडी म्हणजे समोरासमोरच्या दोन आऱ्यांच्या टोकांमधलं, निपलसकट मोजलेलं अंतर. त्यात १ मिमी फरक म्हणजे आऱ्याच्या लांबीत अर्धा मिमी. २ मिमीच्या आत फरक असेल तर जुने आरे चालतात. नवी रिम जुनीला खेटून, हवेची भोकं एकासमोर एक आणून तीन-चार ठिकाणी टेपने बांधा आणि आरे एकेक करून पलीकडे न्या. आट्यांना तेलाचा थेंब द्या. आधी सगळे निपल आटे दिसेनासे होईपर्यंत फिरवा, मग अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने ताण चढवा. घाई करून एकाच बाजूचा ताण आधी भरला की चाक तिकडे झुकतं आणि ते परत आणणं जड जातं. रिम मधोमध आली का, हे चाक चिमट्यात उलटसुलट लावून पाहा. दिसेल तो फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो.

नवं चाक घेताना

टायरवरचा रिमच्या मापाचा तीन अंकी आकडा (मिमीमध्ये) पाहा, इंचांवर विसंबू नका. २६ इंच म्हणून विकली जाणारी चाकं ५५९ आणि ५९० अशी वेगवेगळी असतात आणि टायर अदलाबदल होत नाहीत. ६२२, ५८४ किंवा ६३५ जे लिहिलं असेल तेच रिमवर हवं. त्यानंतर एक्सलची रुंदी (पुढे बहुधा १००, मागे १२६, १३०, १३५ किंवा १४२ मिमी), ब्रेकचा प्रकार, डिस्क बसवायची पद्धत, आणि फ्रीव्हील की कॅसेट हे जुळवा. हवेचं भोक जाड व्हॉल्वसाठी ८.५ मिमी, बारीक व्हॉल्वसाठी ६.५ मिमी असतं. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व घालायचा असेल तर मधे बूश घाला, नाहीतर ट्यूब तिथे चिरते.

पहिल्या १०० किमीनंतर आरे पुन्हा छेडून पाहा आणि सैल झालेले आवळा.

जुन्या चाकातून फ्रीव्हील काढायचं असेल तर ते आरे सैल करण्याच्या आधी काढा. ते उघडायला रिमचाच आधार लागतो, आणि एकदा रिम सुटली की नुसत्या हबवरून ते निघत नाही. त्यानंतर निपल सैल करून हब आणि बरे आरे बाजूला ठेवा. ताणलेले आरे पकडीने तोडू नका, तुकडा डोळ्यावर उडतो. झिजलेली रिम करवतीने एका जागी कापूनच टाका, म्हणजे ती उचलून कोणी पुन्हा टायर चढवणार नाही.